दोन निळे

मिस्टर भानांनी कोट काउंटरवर पसरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "यातला कोणता निळा हवाय तुला?" मी म्हणाले, कोणता म्हणजे काय, कोटाचा. "कोटात दोन आहेत," ते म्हणाले आणि डाव्या छातीवरच्या गडद डागाभोवती त्यांनी बोट फिरवलं. डाग तळहाताएवढा होता, आणि मुकुटाच्या आकाराचा. बाहेर स्वान स्ट्रीटवर निळ्या-पिवळ्या पताका लागल्या होत्या, आणि इंग्लंडची राणी सोडून बार्बाडोसला प्रजासत्ताक व्हायला अजून बारा दिवस होते. मी त्यांना समजावून सांगितलं, की कापड एकच आहे. छातीवर पंचावन्न वर्षं भरतकाम होतं, त्याच्याखाली ऊन पोचलं नाही, म्हणून तेवढा भाग मूळ रंगाचा राहिला आणि बाकीचा विटला. मला त्या मूळ रंगाचं कापड नको होतं, विटलेल्या रंगाचं हवं होतं, म्हणजे डागावर लावता येईल. "बाई, ही दोन कापडं आहेत," मिस्टर भाना म्हणाले. "माझा बाप सुटकेसमध्ये कापड घालून या बेटावर दारोदार फिरला. मी चाळीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे. हात लावून बघ." मी हात लावला नाही. प्रकाशाने रंग कसा तुटतो हे मी पुन्हा एकदा, जरा सोपं करून सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तू शिकलेली आहेस. असेल." हा 'असेल' त्यांनी इतक्या सौजन्याने म्हटला, की सेंट लुसीला, म्हणजे घरी, जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावरही तो माझ्या कानातून जाईना. त्यांच्याकडे त्या रंगाचं कापड नव्हतंच. विटलेला निळा कोणी विणत नाही.

कोट आजोबांचा. आजोबा, म्हणजे डार्नली स्कीट, आमच्या गावच्या जहाजाचे कप्तान. जहाज म्हणायचं, पण ते पाण्यावर कधी गेलं नाही. अकरा माणसं आहेत, गणवेश आहेत, हुद्दे आहेत, आणि वेगळे तिघं वाजवणारे, ढोल, ताशा आणि बासरी, त्यांना मिळून एंजिन म्हणतात, आणि मैदानावर रांगेत चालता चालता सगळे एकदम असे डोलतात, की बघणाऱ्याला पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटावी. एंजिन हळू झालं की शांत समुद्र, जोरात झालं की वादळ. कप्तान जे करील ते जहाज करतं, कारण समुद्रात प्रश्न विचारायला वेळ नसतो. आजोबा आयुष्यात एकदाही बोटीत बसलेले नाहीत. मासेमारीच्या होडीत बसा म्हटलं तर म्हणतात, "मला लागते ती." आमच्या आजोबांच्या आजोबांच्या काळात ऊस तोडणाऱ्यांनी गोऱ्यांच्या नौदलाची नक्कल म्हणून हे सुरू केलं असावं. सोमवार ते शनिवार कोणीही हाक मारावी असा माणूस रविवारी संध्याकाळी कप्तान व्हायचा. विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना मी घरी येऊन आजोबांना म्हणाले होते, की हे सगळे माकडचाळे आहेत, मालकाचे कपडे घालून मालकासारखं चालणं. ते शेवग्याला पाणी घालत होते. "माकड रांगेत उभं राहिलेलं पाहिलंस कधी?" त्यांनी विचारलं. "माझ्या तुरीच्या शेंगा रोज खातंय ते. एकदा सलाम करून खाल्ल्या असत्या तर मी काही बोललो नसतो." मी हसले नाही. तेव्हा मी फार कमी हसायचे. गेल्या वर्षी शहरातल्या चौकातून इंग्रज दर्यासारंग नेल्सनचा पुतळा उतरवला तेव्हा मी गर्दीत उभी होते, आणि क्रेनने तो उचलला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी येऊन मी ते आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "दोर कुठे बांधला? कमरेला की काखेत?" कमरेला, मी म्हणाले. "मग बरोबर. काखेत बांधला असता तर हलला असता."

पत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. तीस तारखेला दुपारी पॅरिशच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मैदानावर प्रजासत्ताकाची मिरवणूक, तीत आपल्या जहाजाने भाग घ्यावा, आणि कृपया कोणाच्याही गणवेशावर राजचिन्ह नसावं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मनातल्या मनात मुद्दे जुळवले, कारण मला वाटलं होतं, म्हातारा भांडेल. बाकी दहाजणांच्या छातीवर नांगर होता. मुकुट एकट्या आजोबांच्या छातीवर, सोनेरी दोऱ्याचा, त्यांच्या आईने भरलेला, सहासष्ट सालच्या नोव्हेंबरात. त्याच महिन्यात आम्ही स्वतंत्र झालो होतो, आणि त्याच महिन्यात एक बाई या बेटावर बसून राणीचा मुकुट भरत होती, या गोष्टीची मला लहानपणापासून लाज वाटायची. बाकीच्यांना नांगर आणि यांनाच मुकुट का, हे मात्र मी कधी विचारलं नाही. मला उत्तर माहीत आहे असं मला वाटत होतं. आजोबांनी पत्र ऐकलं आणि म्हणाले, "काढ." एवढंच. मला इतकं बरं वाटलं, की मी उठून त्यांच्या टकलावर ओठ टेकवले.

काढायला चाळीस मिनिटं लागली. प्रयोगशाळेतली टोकदार कात्री मी घरी आणली होती. मी पाण्याची तपासणी करते. विहिरींचे, टाक्यांचे, नळांचे नमुने येतात, त्यांत क्लोरीन किती उरलंय ते मी मोजते, दिवसाला साठ वेळा. हात स्थिर लागतो, आणि तो आहे. एकेक टाका उचलायचा, कापायचा, चिमट्याने ओढायचा. आजोबा समोर बसून बघत होते. मुकुट पूर्ण निघाला तेव्हा त्याच्या जागी दुसरा मुकुट होता, गडद, जवळजवळ काळा निळा. सोनेरी असताना तो लांबून फुलासारखा दिसायचा. आता तो मुकुटच दिसत होता. "बघा," मी वैतागून म्हणाले, "जाऊनसुद्धा जात नाही." आजोबांनी पुढे वाकून त्या डागावर अंगठा ठेवला आणि तो हळूहळू कडेकडेने फिरवला. "राहू दे की," ते म्हणाले. मी म्हणाले, कसं राहू दे, सगळ्यांना दिसेल, उलट जास्तच दिसेल, तुमचीच चेष्टा होईल. मी करते काहीतरी. त्यांनी अंगठा काढून घेतला. "तुला वाटतं तसं कर."

त्यानंतरच्या दिवसांत मी त्यांना दोनदा कोटाजवळ उभं असलेलं पाहिलं. कोट खिडकीशी खुंटीला होता, आणि ते त्या डागाशी नाक नेऊन उभे होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना लाज वाटतेय. माझ्यासारखीच.

मिस्टर भानांच्या दुकानातून परत आल्यावर मी ठरवलं, की कापड मिळत नाही तर डागाचाच रंग उतरवायचा. हे अवघड नव्हतं. आधी कापड कसलं ते बघायला हवं होतं, म्हणून मी कोटाच्या खालच्या शिवणीतून दोन धागे काढले आणि जाळले. कागद जळल्याचा वास, पांढरी राख. सुती. सुती कापडाला ब्लीच चालतं, पातळ करून, बेताने. वहीत मी प्रमाणही लिहिलं. शनिवारी दुपारी आजोबा मैदानावर सरावाला गेले होते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोट पसरला आणि बारीक ब्रशने डागाच्या आत, फक्त आत, कडेला धक्का न लावता द्रावण लावत गेले. रंग उतरू लागला. आधी जांभळा, मग करडा, मग मातकट. मला आनंद झाला होता, हे मला नीट आठवतं. पण रंग जरा पिवळसर वाटला म्हणून मी ब्रश पुन्हा फिरवला, आणि ब्रशखाली कापड मऊ लागलं. शेवाळ्यासारखं. मी ब्रश उचलला तर ब्रशबरोबर तेही आलं.

लोकर. लोकर म्हणजे केसच, आणि केस क्लोरीन खाऊन टाकतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. नमुना एकाच जागचा घेऊन सगळ्याबद्दल बोलू नये, हे तर शाळेत शिकवतात. मी धावत जाऊन कोट नळाखाली धरला, पण पाण्याने उरलंसुरलंही वाहून गेलं. मग मी तो पुन्हा टेबलावर ठेवला. बाकी कोट अगदी धड होता. डाव्या छातीवर एक भोक होतं आणि त्यातून टेबलाचं लाकूड दिसत होतं. माझा हात स्थिर असल्यामुळे भोकाच्या कडा फार स्वच्छ आल्या होत्या. मुकुटाची पाचही टोकं त्यात मोजता येत होती. आणि त्या कडांवरून सगळीकडे, केसाहून बारीक टाक्यांची एक ओळ होती, एका कापडाला दुसरं जोडताना घालतात तशी. मी चाळीस मिनिटं तिथे कात्री चालवली होती आणि ती ओळ मला दिसली नव्हती, कारण मी ती शोधत नव्हते.

आजोबा आले तेव्हा त्यांच्याबरोबर मेट्रन बोव्हेल होत्या. जहाजावरच्या बायका नर्स असतात आणि मेट्रन त्यांची प्रमुख. बाई सत्तरीच्या, आवाज एंजिनावरून ऐकू जाणारा. दारातच त्यांनी नाक वर केलं. "ही मुलगी घर धुतेय की मुडदा?" मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. आजोबांनी टोपी काढली, खुर्ची ओढली, बसले. भोकातून एक बोट घातलं, बाहेर काढलं. मी बोलत होते. लोकर, सुती, नमुना, असं काहीतरी.

"ते डॅडीचं होतं," आजोबा म्हणाले.

मला कळलं नाही. मेट्रननी मला खुर्चीत बसवलं, फार हळू नाही. "त्याच्या बापाचा कोट," त्या म्हणाल्या. "एवढं शिकून तुला शिवण दिसत नाही होय गं?" मग आजोबांनीच सांगितलं, तुटक तुटक, मध्येच थांबून, आणि अधूनमधून मेट्रन त्यात भर घालत होत्या. त्यांचे वडील साखर कारखान्यात रात्रीचे पहारेकरी होते. आजोबा अकरा वर्षांचे असताना ते इंग्लंडला गेले, बसवर कंडक्टर म्हणून, दोन वर्षांसाठी. जाताना त्यांनी पहाऱ्याचा लोकरीचा कोट घरी ठेवला, परत आल्यावर लागेल म्हणून. दोन पत्रं आली. मग काही आलं नाही. कोट अकरा वर्षं खुंटीला होता, आणि त्या खुंटीला दुसरं काही अडकवायचं नाही असा आईचा नियम होता. सहासष्ट साली आजोबांना जहाजावर घेतलं. गणवेशासाठी जुना कोट मिळाला, पण त्याच्या छातीला मोठं भोक पडलेलं. घरात निळं कापड एकच होतं.

"आईने त्याला कात्री लावली," आजोबा म्हणाले, "तेव्हा आम्हाला कळलं, की ती आता वाट बघत नाही."

"आणि मुकुट?" मी विचारलं.

"नांगर बारीक असतो गं. त्याने जोड झाकला नसता." त्यांनी हाताने रुंदी दाखवली. "मुकुट रुंद होता. तिने भोकाच्या कडा त्याच आकारात कापल्या, डॅडीच्या कोटाचा तुकडा बसवला आणि वरून मुकुट भरला. पोलिसाच्या बटणावर बघून."

उरलेल्या कोटाचं काय झालं, मी विचारलं. कसर लागली, फेकला, ते म्हणाले. मग मी तो प्रश्न विचारला जो मी पत्र आलं त्याच दिवशी विचारायला हवा होता. तुम्ही मला काढ का म्हणालात? आजोबा बोटाने भोकाच्या कडेवरचे टाके चाचपत होते. "पंचावन्न वर्षं ते झाकलेलं होतं," ते म्हणाले. "मी आपणहून मुकुट काढला असता तर लोकांनी विचारलं असतं. आता सरकारनेच सांगितलं. म्हटलं, बरं झालं, एकदा बघू. दोन आठवडे बघितलं की." आणि मग म्हणाले, "रंग छान होता नाही?" त्यावर मेट्रन पाठ फिरवून चुलीशी गेल्या आणि रिकामं भांडं उगाच या बाजूचं त्या बाजूला ठेवत राहिल्या.

ठिगळ लावायला त्यांनी नकार दिला. मेट्रन स्वतःच्या जुन्या स्कर्टचा तुकडा घेऊन आल्या, रंगही बराच जुळत होता, पण आजोबा म्हणाले, "दोन कापडांचा कोट घातला इतकी वर्षं. तिसरं नको." आता प्रश्न असा होता, की ते मैदानावर उतरू शकतील की नाही. जहाजावर चढण्याआधी प्रत्येकाची तपासणी होते, आणि गणवेशात खोट असेल तो किनाऱ्यावर राहतो. हा नियम आजोबांनी माझ्यासमोर अनेकदा चालवला होता. मी नऊ वर्षांची असताना एकदा छोट्या नर्सेसच्या रांगेत उभी होते. आई नुकतीच इंग्लंडमध्ये रेडिंगला गेली होती, तिथल्या इस्पितळात खरीखुरी नर्स म्हणून, आणि शाळेचे काळे बूट सापडेनात म्हणून मी चॉकलेटी घातले होते. आजोबा रांगेतून येत माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "मिस स्कीट, किनाऱ्यावर." मी मैदानाच्या कडेला बसून रडले, आणि जहाज माझ्याशिवाय वादळातून गेलं. घरी आल्यावर त्यांनी माझे पाय धुतले, मला मासा आणि मक्याच्या पिठाचं कुकू भरवलं, पण चूक झाली असं काही ते म्हणाले नाहीत. आता सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस, तीन आठवडे उन्हात सराव करून, माझ्यामुळे किनाऱ्यावर राहणार होता. आणि त्या नऊ दिवसांत मी ऑफिसात नमुन्यांच्या जुन्या फॉर्मवरचा मुकुट खोडून खाली नवा शिक्का मारत होते. दिवसाला साठ. एरवी मी ते आवडीने केलं असतं. आता प्रत्येक शिक्क्याआधी मी फॉर्म उजेडात धरून बघायचे, खाली काही आहे का. काही नसायचं. कागद होता. माझ्या शेजारच्या टेबलावरचा किमार म्हणाला, "काय गं, राणी सोडवेना का?" मी म्हणाले, गप्प बस.

तीस तारखेला ऊन कडक होतं. मैदानाच्या कडेने बायका केळीच्या पानातल्या गरम कॉन्की विकत होत्या, मास्कमधूनसुद्धा भोपळ्याचा आणि नारळाचा वास येत होता, आणि स्पीकरवरचा माणूस दर पाच मिनिटांनी सांगत होता की आजपासून आपण कुणाचे नाही, आपलेच आहोत. जहाज चिंचेच्या झाडाखाली उभं होतं. आजोबांनी एकेकाची तपासणी केली. कॉलर, बटणं, बूट. मग प्रथेप्रमाणे ते स्वतः मेट्रनसमोर उभे राहिले, कारण कप्तानाची तपासणी मेट्रन करते. त्यांचा डावा हात छातीवर होता, पंजा पसरलेला. मी चार हातांवर होते.

"हात खाली, कप्तान," मेट्रन म्हणाल्या.

"नाही."

खोट त्या दोघांना माहीत होती आणि मला. बाकीच्यांना फक्त एवढं दिसत होतं, की पन्नास वर्षांत पहिल्यांदा कप्तानाने तपासणीत हुकूम मोडला. मेट्रन बोव्हेलनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग पुन्हा तोंडाकडे. मग त्यांनी आजोबांची कॉलर, जी सरळच होती, सरळ केली. "गणवेश ठीक," त्या मोठ्याने म्हणाल्या.

एंजिन सुरू झालं. आजोबा पुढे निघाले, उजवा हात लयीत, डावा छातीवर. सात-आठ पावलं गेले असतील, तेव्हा त्यांच्यामागचा एल्रिक, जो गावात फ्रिजचे दरवाजे दुरुस्त करतो आणि जहाजावर पहिला खलाशी आहे, त्याने डोळ्यांच्या कडेतून पाहिलं आणि आपला डावा हात छातीवर नेला. त्याने विचारलं नाही. कप्तान करील ते जहाज करतं. त्याच्यामागच्याने केलं, मग त्याच्यामागच्याने, आणि मैदानाच्या मध्यावर पोचेपर्यंत अकराच्या अकरा हात छातीवर होते, नर्सेसचेही, मेट्रनचाही. तसेच ते शांत समुद्रातून गेले, आणि ढोल वाढला तेव्हा तसेच वादळात डोलले, एकेका हाताने तोल सावरत, आधी कधी न पाहिलेल्या एका तऱ्हेने. टाळ्या सुरू झाल्या. स्पीकरवरचा माणूस ओरडला, "पाहा, पाहा, नव्या देशाला नवा सलाम!" माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने कॉन्की पानात गुंडाळून पिशवीत टाकली आणि आपला चिकट हात छातीवर ठेवला. "किती सुंदर गं," ती मला म्हणाली. "कोणी बसवलं हे?" तिच्यापलीकडे एक माणूस, मग एक अख्खं कुटुंब. थोड्याच वेळात सगळं मैदान छातीवर हात ठेवून उभं होतं, काही लोक डोळे पुसत होते, आणि ते खोटं नव्हतं. मला ते खोटं म्हणता येईना. मी माझे दोन्ही हात खाली ठेवले होते. मला हात छातीवर ठेवावासा वाटला, फार वाटला, पण झाकायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यांच्या पंजाखाली काय आहे हे मला माहीत होतं, त्याच्या कडा मला माहीत होत्या, आणि आता तिथे काहीच नव्हतं.

वादळ नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललं, कारण लोक टाळ्या थांबवेनात. आजोबांचा कोपर थरथरायला लागलेला मला इथून दिसत होता.

परतताना आम्ही दोघंच गल्लीतून चाललो होतो. पुढे कोणाच्या तरी रेडिओवर भाषण चालू होतं. कोट त्यांनी घडी करून उजव्या हातावर घेतला होता. डावा हात नुसता लोंबत होता, आणि ते खांदा वरखाली करत होते.

"हात भरून आला गं," ते म्हणाले.

"मग खाली घ्यायचा ना, आजोबा. शेवटी शेवटी तरी. कोणाला काय कळलं असतं?"

त्यांनी हातावरच्या कोटाची घडी सारखी केली.

"सगळ्यांनी धरला होता," ते म्हणाले. "मी कसा खाली घेणार?"